चाळीस मीटर, एकेचाळीस मीटर

लघुलहरी म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरी. त्यांची लांबी १०० मीटरपासून १० मीटरपर्यंत असते. या दोन आकड्यांचे नाते सोपे आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की मीटर मिळतात. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओच्या काचेवर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी छापलेले असत. एका रेघेवर मेगासायकल, म्हणजे मेगाहर्ट्झच, दुसरीवर ४९, ४१, ३१, २५, १९, १६, १३ असे मीटरचे आकडे, आणि उरलेल्या जागेत लंडन, मॉस्को, कोलंबो, दिल्ली अशी गावांची नावे. लोकांच्या तोंडी मीटर रुळले. लंडनची नेमकी वारंवारता घरात कोणाला ठाऊक नसे, पण ‘एकतीस मीटरला लाव’ एवढे सांगता येत असे आणि तेवढे पुरे होई.

छापील आकड्यांच्या अधेमधे कोऱ्या जागा असत. सुई त्यांच्यावरून जाताना स्पीकरमधून मोर्सची टिकटिक, शिट्ट्या, टेलिप्रिंटरची कुरकुर ऐकू येई. तिथे जहाजे होती, विमाने होती, लष्कर आणि वृत्तसंस्था होत्या. काही अगदी अरुंद पट्ट्यांत हौशी रेडिओवाले होते, ज्यांना जगभर हॅम म्हणतात. रेडिओ बनवणाऱ्यांनी त्यांच्या पट्ट्यांना काचेवर नाव दिले नाही. पैसे मोजून संच घेणाऱ्याला तिथे ऐकण्यासारखे काही नाही, असा त्यांचा हिशेब होता आणि धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. लघुलहरींचा इतिहास मात्र या बिननावाच्या जागांतून सुरू होतो.

त्यातली सर्वांत गजबजलेली जागा ४१ मीटरच्या आकड्याला अगदी खेटून आहे. हॅम मंडळी तिला ४० मीटरचा पट्टा म्हणतात. तो ७.० मेगाहर्ट्झला सुरू होतो. आशियात पूर्वी ७.१ ला संपत असे, २००९ पासून ७.२ पर्यंत वाढला. भागाकार करून पाहिला तर या ‘चाळीस’ मीटरची खरी लांबी ४२.८ ते ४१.६ मीटर निघते. आणि त्याच्या पलीकडचा प्रसारणाचा ‘एकेचाळीस’ मीटर प्रत्यक्षात त्याहून आखूड असतो. नावे गोल आकड्यांवरून पडली आणि टिकली. हा घोटाळा दुरुस्त करावा असे कोणाला वाटलेले दिसत नाही.

रेडिओच्या पहिल्या दोन दशकांत तज्ज्ञांचा विश्वास लांब लहरींवर होता. लहर जितकी लांब आणि ट्रान्समीटर जितका दांडगा, तितका पल्ला मोठा, असे मानले जाई. हजारो मीटरच्या लहरी, डोंगराएवढे मनोरे आणि त्यांच्या पायथ्याशी खास वीजघर असा सारा थाट असे. अमेरिकेत गल्लोगल्ली ठिणगीचे ट्रान्समीटर चालवणारी पोरे या कारभारात अडथळा आणू लागली, तेव्हा १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलले. त्या लहरी निरुपयोगी मानल्या जात होत्या. तिथे गेले की ही हौस आपोआप विझेल, अशी अपेक्षा होती. सरकारी हद्दपारीचा इतका फायद्याचा शेवट क्वचितच झाला असेल.

हद्दपार झालेल्यांनी पडीक जमीन कसायला घेतली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशी संघटनेने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन गावी पाठवले. समुद्रकाठच्या ओल्या थंडीत तंबू ठोकून, लांबच लांब तार जमिनीलगत ताणून त्यांनी कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच येथील हौशी केंद्राचे संदेश टिपले. ते केंद्र उभारणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग होते आणि गॉडलींपुढच्या टेबलावर त्यांच्याच कल्पनेतून आलेला सुपरहेटरोडाइन ग्राहक होता. हे संदेश २०० मीटरच्या जरा वरचे होते. पुढे लहरी आणखी आखूड करून पाहिल्यावर खरी गंमत सुरू झाली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लिओन देलोय आणि हार्टफर्डचे फ्रेड श्नेल यांचा अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संवाद झाला. लहर होती शंभर मीटरच्या आसपास. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधल्या शॅग व्हॅली या मेंढ्यांच्या कुरणातून फ्रँक बेल यांनी लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी मोर्समध्ये गप्पा मारल्या. पृथ्वीवर यापेक्षा लांब जायला फारशी जागाच नाही.

एवढ्याशा शक्तीत हे घडते कसे, याचे उत्तर डोक्यावर होते. १९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी वातावरणात उंचावर विद्युत्‌वाहक थर असावा असे सुचवले होते. १९२४ च्या अखेरीस ॲपलटन यांनी प्रयोगाने तो दाखवून दिला आणि १९४७ चे नोबेल मिळवले. त्याच वर्षी कोलकात्याचे शिशिरकुमार मित्र यांचा ‘द अप्पर ॲटमॉस्फियर’ हा ग्रंथ आला. या विषयाच्या अभ्यासकांनी तो अनेक वर्षे हाताशी ठेवला.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यातून आयनांबर तयार होते. त्याचा सर्वांत खालचा ‘डी’ थर ६० ते ९० किलोमीटरवर असतो. तो दिवसा असतो, रात्री विरतो, आणि असतो तेव्हा कमी वारंवारतेच्या लहरी गिळतो. खूप वर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आणि त्याच्याही वर ‘एफ’ थर लहरींना वाकवून परत जमिनीकडे धाडतो. अशी एक उडी तीन-चार हजार किलोमीटरची असू शकते. जमीन किंवा समुद्र लहर पुन्हा वर फेकतो आणि दुसरी उडी सुरू होते. जुन्या श्रोत्यांना यातले शास्त्र माहीत नसले तरी सवयी माहीत होत्या. दुपारी १९ आणि १६ मीटर चालतात. दिवेलागणीला ३१ जोर धरतो. रात्री ४१ आणि ४९ भरून वाहतात आणि १३ मीटर मुका होतो. कारण रात्री एफ थरही पातळ होतो आणि जास्त वारंवारतेच्या लहरी त्याला भेदून अवकाशात निघून जातात. आवाज चढतो-उतरतो त्याचे कारणही तिथलेच आहे. एकच लहर दोन-तीन वाटांनी येते, वाटांची लांबी क्षणाक्षणाला बदलते, आणि लहरी एकमेकींना कधी भर घालतात, कधी छेद देतात. उडीच्या मधल्या टापूत काहीच पोहोचत नाही. म्हणून मुंबईतल्या हॅमला जपान स्वच्छ ऐकू यावे आणि दोन-अडीचशे किलोमीटरवरचा माणूस त्याच वेळी मुळीच ऐकू येऊ नये, हे रोजचे असते.

यावर सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याचा अंमल चालतो. डाग वाढले की आयनांबर घट्ट होते आणि १० मीटरसारखे एरवी निजलेले पट्टे जागे होतात. १९५७-५८ चा उच्चांक नोंदींतला सर्वांत मोठा होता. त्याच काळात, ४ ऑक्टोबर १९५७ ला, स्पुत्निक वर गेला आणि २०.००५ मेगाहर्ट्झवर टिवटिवू लागला. लघुलहरी घेणारा बरा संच ज्याच्याकडे होता असा कुठलाही हॅम सरकारी वेधशाळांच्या बरोबरीने तो ऐकू शकत होता.

हौशींनी जमीन सुपीक आहे असे दाखवल्यावर मोठी मंडळी धावत आली. मार्कोनी आणि त्यांचे अभियंता सी. एस. फ्रँकलिन यांनी लघुलहरींचा एका दिशेने रोखलेला झोत बनवला, आणि ब्रिटिश साम्राज्याने अवाढव्य दीर्घलहरी केंद्रांचा बेत गुंडाळून ‘बीम’ पद्धत घेतली. तिचे भारतातले टोक महाराष्ट्रात होते. १९२७ च्या सप्टेंबरात इंग्लंड-भारत बीम सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. दोन्ही जागा एकमेकींपासून लांब ठेवाव्याच लागतात, नाहीतर स्वतःच्याच ट्रान्समीटरच्या गोंगाटात समुद्रापलीकडची कुजबुज बुडते. दौंड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. लंडनहून येणारा शब्द भारतात प्रथम तिथल्या माळावर उतरत असे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नाही. ही सेवा समुद्री तारांपेक्षा इतकी स्वस्त पडली की तारांच्या कंपन्या डबघाईला आल्या आणि अखेर दोघांचा संसार एकत्र करावा लागला. त्यातूनच केबल अँड वायरलेस कंपनी उभी राहिली. भारतातली बाजू स्वातंत्र्यानंतर ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस आणि पुढे विदेश संचार निगम झाली.

त्याच १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लहरींची वाटणी झाली. ज्यांनी रान तोडले त्यांच्या वाट्याला पट्ट्या आल्या: १६०, ८०, ४०, २० आणि १० मीटर. यांचे आकडे एकमेकांच्या दुपटीत आहेत, आणि त्यात सोय आहे. ट्रान्समीटरमध्ये मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट वारंवारताही थोड्याफार निघतातच. वारंवारता ठरवणारा ३.५ मेगाहर्ट्झचा स्फटिक वापरून ७, १४ आणि २८ वर जाता येते, म्हणजे एका स्फटिकात चार पट्टे भागतात. आणि चुकून निसटलेली दुप्पट लहर शेजाऱ्याच्या हद्दीत न जाता हौशींच्याच दुसऱ्या पट्ट्यात पडते. २१ मेगाहर्ट्झचा १५ मीटर दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाला. ३०, १७ आणि १२ मीटर १९७९ च्या परिषदेने दिले. त्यांचे आकडे या दुपटीत बसत नाहीत, कारण तोवर स्फटिकाची काटकसर कोणाला करावी लागत नव्हती.

घरगुती रेडिओ हा सारा पसारा दोन-तीन पट्ट्यांत कोंबत असे: मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह एक, शॉर्ट वेव्ह दोन. सहा ते अठरा मेगाहर्ट्झ वीतभर काचेवर मावायचे, तेव्हा अख्ख्या ४० मीटरच्या पट्ट्याला काही मिलिमीटर मिळत. बटण केसभर फिरले की दहा स्टेशने निघून जात. सुई ओढणारी दोरी जुनी होऊन सैल पडली की तेवढाही ताबा राहत नसे. महागड्या ‘बँडस्प्रेड’ संचांत ३१, २५, १९ मीटर वेगवेगळे पसरून दिलेले असत. त्यांवर स्टेशन लावणे सुखाचे होते. हौशी पट्टे त्यांतून साफ गाळलेले असत.

आतली रचना जवळपास सगळीकडे सारखीच, आर्मस्ट्राँग यांची सुपरहेटरोडाइन. एरियलवरून आलेली लहर पहिल्या व्हॉल्व्हमध्ये संचाच्या स्वतःच्या आंदोलकाशी मिसळली जाते. दोन्हींच्या वजाबाकीतून नेहमी एकच, ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासची मध्यम वारंवारता उरते आणि तीच पुढे वाढवली जाते. प्रत्येक स्टेशनासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही, हा यातला फायदा. तोटा असा की वजाबाकी दोन्ही बाजूंनी होऊ शकते. आंदोलकाच्या वर ४५५ किलोहर्ट्झवर असलेले स्टेशनही त्याच दारातून आत शिरते. म्हणून साध्या संचावर एकच दणदणीत केंद्र दोन जागी सापडते आणि त्यांतली एक जागा खोटी असते. काचेवर नसलेल्या जागी बीबीसी मिळाली म्हणून हरखलेल्या अनेकांना ही सावली भेटलेली असते. चांगल्या कम्युनिकेशन रिसीव्हरमध्ये आधी एक-दोन जास्तीचे टप्पे घालून ती अडवतात. १९३५ चा नॅशनल कंपनीचा ‘एचआरओ’ हा त्यातला नावाजलेला संच. त्याची कॉइल खणासारखी बाहेर काढून दुसरी घालावी लागे, आणि हौशी पट्टे काट्याच्या पूर्ण फेरीवर पसरवण्याची सोय त्या खणातच असे. युद्धात शत्रूचे मोर्स टिपून ब्लेचली पार्कच्या संकेतभेदकांना पुरवणाऱ्या केंद्रांत हेच संच होते. युद्ध संपल्यावर असे लष्करी संच जगभर भंगारात निघाले आणि हौशींच्या टेबलांवर जाऊन बसले.

भारतीय घरात रेडिओ म्हणजे मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको, नेल्को. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता. संच लावला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागे. मग काही संचांत हिरवा ‘मॅजिक आय’ उजळे. स्टेशन नेमके लागले की त्यातली काळी फट मिटे. तांब्याच्या जाळीची पट्टी हे दिवाणखान्यातले एरियल. ती भिंतीपासून भिंतीपर्यंत छताखाली ताणलेली असे आणि तिच्यावर धूळ साचे. पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत आणि त्याचे पुस्तक जपून ठेवावे लागे. १९८० च्या दशकात ते लायसन्स गेले. वीज न पोहोचलेल्या गावांत ९० व्होल्टच्या मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह संच असत. ती बॅटरी संपत आली की बातम्यांपुरताच रेडिओ लागे.

या सगळ्यात भारतातल्या हौशींची संख्या मूठभर. १९२१ साली कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त यांच्यापासून भारतीय हौशी रेडिओची सुरुवात धरली जाते. दशकाच्या शेवटी भारताला ‘व्हीयू’ हे आरंभाक्षर मिळाले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने नवे परवाने थांबवले आणि असलेले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला सांगितले. हौशी पट्टे ओस पडले.

त्या ओस पडलेल्या जागेत १९४२ च्या ऑगस्टमध्ये एक आवाज उठला. गवालिया टँकच्या ‘भारत छोडो’ ठरावानंतर नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली, आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याची जाहीर केलेली लहर ४२.३४ मीटर. भागाकार केला तर हा आकडा ७.०८ मेगाहर्ट्झच्या जरा वर येतो, म्हणजे थेट ४० मीटरच्या हौशी पट्ट्यात. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ट्रान्समीटर बांधणारे नरीमन प्रिंटर हे स्वतः हौशी रेडिओतले. हाताशी असलेली सामग्री आणि हाताला असलेली सवय त्याच पट्ट्याची असणार. शिवाय घरोघरच्या संचावर ही जागा ४१ मीटरच्या आकड्याशेजारीच येत असल्याने ऐकणाऱ्याला नवे काही घ्यावे लागत नव्हते. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झची लहर मुंबईतून उसळून शेकडो किलोमीटरवर उतरते, हेही सोयीचेच होते.

प्रसारणात राममनोहर लोहिया यांचा सहभाग होता. वृत्तपत्रे ज्या बातम्यांना हात लावू धजत नव्हती, त्या इथे दिल्या गेल्या: चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भात आष्टी आणि चिमूरला झालेले अत्याचार. पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक एरियल घेऊन फिरत, म्हणून केंद्र या इमारतीतून त्या इमारतीत हलत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात पारेखवाडीत छापा पडला. उषाबेननी पुढे सांगितल्याप्रमाणे जागा दाखवणारा त्यांच्याच तंत्रज्ञांपैकी होता. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी सुभाषचंद्र बोस यांचे आझाद हिंद रेडिओ हे केंद्र जर्मनीहून मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलत होते. पण ते एका सरकारच्या यंत्रणेवरून होते. गिरगावातला खोलीभर पसारा हाच लघुलहरींच्या मूळ स्वभावाला धरून होता: थोडी शक्ती, घरी बांधलेला संच, लांबचा पल्ला.

स्वातंत्र्यानंतर ४१ मीटरने वेगळाच इतिहास घडवला. युद्धात दक्षिण-पूर्व आशिया कमांडने सिलोनमध्ये एकला येथे १०० किलोवॉटचा प्रक्षेपक बसवला होता. तो पुढे सिलोनच्या सरकारकडे आला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेल्या या शास्त्रीय संगीताच्या कैवाऱ्याने आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फीत विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून आयनांबरावर आपटून पुन्हा मुंबईत येई. दर बुधवारी रात्री आठला सरकारी सुरुचीला दिलेला हा हजारो किलोमीटरचा वळसा घराघरांत ऐकला जात होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, ती लघुलहरींवरच. केसकरांना नावे ठेवणे सोपे आहे, पण भारतात शॉर्ट वेव्हचे संच एवढे खपले यात त्यांच्या धोरणाचा वाटा नाकारता येत नाही.

सिलोन शोधताना सुई थोडी अलीकडे राहिली की हौशी पट्टा लागे. आयात बंद, पैसा बेताचा, तेव्हा भारतातले बरेच हॅम ट्रान्समीटर घरीच बांधत, आणि ‘एएम’ पद्धतीचा ट्रान्समीटर बांधायला सोपा असतो. त्यामुळे कधी कधी दिवाणखान्यातल्या मर्फीवर दोन अनोळखी माणसांच्या गप्पा स्पष्ट ऐकू येत. गप्पा बहुधा हवामान, एरियलची उंची आणि एकमेकांचा आवाज किती जोरात येतो यांच्याच असत. याला कारण आहे. परवान्याच्या अटींनुसार हौशी केंद्रावरून धंदा, राजकारण, बातम्या चालत नाहीत. तांत्रिक विषय आणि किरकोळ वैयक्तिक बोलणे एवढेच चालते. जगाच्या दुसऱ्या टोकाशी फुकट बोलण्याची मुभा आणि बोलायला विषय पावसाचा. संभाषण झाल्यावर दोघे एकमेकांना क्यूएसएल कार्ड पाठवत. त्यावर वेळ, वारंवारता आणि आवाजाची प्रत नोंदलेली असे, आणि बऱ्याच हॅमना संभाषणापेक्षा हे कार्डच महत्त्वाचे वाटे. एरवी पावसापाण्यापुरते वाटणारे हे जाळे ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-किल्लारीच्या भूकंपात निरोप पोहोचवण्याच्या कामी आले.

मग हॅम घरगुती रेडिओवरून नाहीसे झाले. ते पट्ट्यावरच होते, पण त्यांची बोली बदलली. एएममध्ये निम्म्याहून जास्त शक्ती वाहक लहरीतच जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या सारख्याच दोन प्रती असतात. वाहक आणि एक प्रत काढून टाकली की सारी शक्ती उरलेल्या एका प्रतीला मिळते आणि जागाही निम्मी लागते. या सिंगल साइडबँड पद्धतीने १९५० नंतर हौशी पट्टे व्यापले. ४० मीटरवर खालची बाजू वापरतात, २० मीटरवर वरची. घरगुती संचाला मात्र वाहक लहर हवीच असते. तिच्याशिवाय माणसाचे बोलणे त्याला बदकाच्या कलकलाटासारखे ऐकू येते. सिलोन शोधणाऱ्या पुढच्या पिढीने हा कलकलाट ‘डिस्टर्बन्स’ म्हणून ओलांडला.

आता ओलांडायला फारसे उरलेले नाही. बीबीसीची हिंदी लघुलहरी सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये, हॉलंडच्या केंद्राने त्याआधी पाच वर्षे लघुलहरी सोडल्या. आकाशवाणीने एकामागून एक प्रक्षेपक बंद केले. चीनची केंद्रे जोरात आहेत. बाकीचे आकडे काचेवरच राहिले. आयनांबरात काही बदललेले नाही; खाली गोंगाट वाढला आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौरपॅनेलचे इन्व्हर्टर हे सगळे नेमके लघुलहरींत घरघरतात. शहरातल्या सदनिकेत जुना संच लावला की प्रथम शेजाऱ्यांची विजेची उपकरणे ऐकू येतात.

हौशी मंडळी मात्र पट्टा धरून आहेत, आणि त्यांची संभाषणे आणखी बारीक झाली आहेत. २०१७ मध्ये भौतिकीचे नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह एफटी८ ही संगणकी पद्धत आणली. पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत, कानाला गोंगाटाखाली हरवलेले संकेतही ती वाचते. ४० मीटरवर तिची ठरलेली जागा ७.०७४ मेगाहर्ट्झ, काँग्रेस रेडिओच्या किंचित खाली. जुन्या मर्फीला यातले काहीही कळत नाही.

जुने संच पुन्हा चालते करणाऱ्यांचा वेगळा वर्ग आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार ही त्यांची ठिकाणे. व्हॉल्व्ह बहुधा शाबूत असतात. खराब होतात ते कंडेन्सर. मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर गळू लागतात. त्यांतला शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला गळला की तो व्हॉल्व्ह आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेला संच थेट विजेला लावू नये. ‘एसी-डीसी’ जातीच्या संचांत तर लोखंडी सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असतो, आणि मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून हात घालणाऱ्याला ते फार उशिरा समजते.

असा संच नीट झाला की रात्री त्यावर चीन मिळते, कधी मध्यपूर्व, आणि ४१ च्या अलीकडे तोच कलकलाट. त्याला माणसाचा आवाज परत देण्याची एक जुनी युक्ती आहे. शेजारी शॉर्ट वेव्हचा दुसरा संच ठेवायचा आणि तो ६.६४५ मेगाहर्ट्झच्या आसपास लावून आवाज बंद करायचा. त्याचा आंतरिक आंदोलक ४५५ किलोहर्ट्झ वर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला चालतो आणि त्याची थोडी लहर बाहेर गळते. पहिला संच ७.१ वर असेल तर ही गळती गाळलेल्या वाहक लहरीची जागा घेते. दुसऱ्या संचाचे बटण अगदी हळू फिरवत राहिले की कलकलाटाची पट्टी उतरत उतरत एका जागी बोलणे स्पष्ट होते. व्हॉल्व्ह तापतील तशी वारंवारता सरकते, म्हणून पहिली वीस-पंचवीस मिनिटे बटणावरून हात काढता येत नाही.